आधी दोरी, मग कपडे

आमचा पेंटर अक्षराच्या आधी रेघ ओढायचा. तुम्ही-आम्ही शाळेत शिकलो ते उलटं. आधी अक्षरं काढायची, शब्द पुरा झाला की वरून रेघ मारायची. पेंटर भिंतीपुढे उभा राहिला की आधी निळीत बुडवलेलं सूत ताणायचा, मधोमध चिमटीत धरून सोडायचा, टण्णकन् आवाज व्हायचा आणि भिंतीवर एक सरळ निळी रेघ उमटायची. मग त्या रेघेखाली तो एकेक अक्षर असं काढायचा, की ते वरून लोंबतंय असं वाटावं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "आधी दोरी, मग कपडे. तुम्ही काय हवेत वाळत घालता का?"

मी टेम्पो चालवायचो. पहाटे मार्केट यार्डात कांदा-बटाटा भरायचा आणि हडपसरच्या दुकानांत टाकायचा. शिक्षण चौथी, त्यातली तिसरी दोनदा. लिहिणं हे काही माझं काम नाही. पेंटरबद्दल नीट सांगू शकेल अशी माझी बायको होती, भागीरथी. ती गेल्या वर्षी गेली. आता मी नाही लिहिलं तर कोणीच लिहिणार नाही, म्हणून बसलोय. एकेक अक्षर जुळवत एवढं लिहायला तीन महिने लागलेत. चुकलं असेल तर चुकलं.

गाडीतळाच्या मागच्या गल्लीत आमची खोली होती. त्या भागातल्या दुकानांच्या पाट्या, बी-बियाणांच्या जाहिराती, टेम्पोची कपाळं, सगळं पेंटरच रंगवायचा. त्याचं नाव कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. बाकीचे पेंटर पाटीच्या कोपऱ्यात आपलं नाव टाकतात. हा तिथं एक बोटभर पोपट काढायचा, हिरवा, लाल चोचीचा. गिऱ्हाइकाला म्हणायचा, "काय लिहायचं ते कागदावर मोठं लिहून द्या, चष्मा घरी राहिलाय." मी त्याला आठ-नऊ वर्षं रोज पाहिलं. चष्मा रोजच घरी राहिलेला असायचा.

फार सावकाश काम करायचा. किराणावाला एकदा ओरडला, "पेंटर, चार दिवस झाले, अजून 'किरा'च झालंय!" पेंटर ब्रश न थांबवता म्हणाला, "मग? 'णा' आल्याशिवाय साखर खपत नाही का तुमची?"

आता वैशीबद्दल लिहितो. वैशाली माझी मुलगी, एकुलती. बोलायला फटाकडी, कामाला वाघ, यार्डातल्या वीस पेढ्यांची नावं तोंडपाठ. पण पुस्तक उघडलं की दगड. चौथीत गेली तरी 'म' आणि 'भ' कळेना, 'घ' आणि 'ध' कळेना. काल आलेलं अक्षर आज जायचं. म्हणायची, "आण्णा, ती हलतात." मी म्हणायचो, "अक्षरं हलत नाहीत, तुझं लक्ष हलतंय." मी तिला मारायचो. पट्टीनं मारायचो, हातानं मारायचो. ते झाकून काय करू? शाळेच्या बाईंनी बोलावलं आणि पोरीच्या देखत सांगितलं, "हिला वेगळ्या शाळेत घाला. तिथं मेणबत्त्या वगैरे करायला शिकवतात." भागी घरी येईपर्यंत रडली. वैशी रडली नाही. ती म्हणाली, "आई, मेणबत्त्या करायला वाचावं लागत नाही ना?"

त्याच महिन्यात मी टेम्पोच्या कपाळावर बायकोचं नाव टाकायला पेंटरला बोलावलं. वैशी शाळा बुडवून दारात बसली होती. पेंटरला सुताचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता.

"ए वैशे, रिकामी बसलीस ना? धर गं दोरी."

तिनं धरली. टण्ण झालं. पेंटरनं रेघ बघितली, मग ओलं फडकं घेऊन सुरुवातीचा बोटभर तुकडा पुसून टाकला. वैशीनं विचारलं, "आत्ताच मारली, लगेच पुसली कशाला?"

"तुझ्या आईच्या नावाला पहिलं अक्षर तुटक्या दोरीचं आहे. तिथं गुंडाळी येते, दोरी येत नाही. शेवटच्या 'थ'चंही तसंच, ते तिथं पोचलो की पुसू. 'म' असता तर अख्खी ठेवली असती."

वैशी बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे 'म' आणि 'भ' एक नाहीत?"

"एक कसे असतील? एकाची दोरी धड आहे, एकाची तुटलीय."

चार वर्षं शाळेत गेलेली माझी मुलगी त्या दिवशी 'भ' शिकली, टेम्पोच्या बंपरवर उभी राहून. भागी दारात पीठ मळत होती. तिनं सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिनं पेंटरला चहा नेऊन दिला आणि म्हणाली, "भाऊ, हिला रोज धरायला देत जा ना दोरी."

मग रोज दुपारी ती पेंटरमागे. एक अक्षर वाळेपर्यंत तो पुढचं काढायचा नाही, त्या वेळात हिचा वर्ग. वही नाही, पेन्सिल नाही. डांबरी रस्त्यावर खडूनं माणसाएवढं अक्षर काढायचा आणि तिला त्यावरून चालायला लावायचा. "पायाला कळू दे आधी, डोळ्याचं मग बघू." प्रत्येक अक्षराची काही ना काही भानगड सांगायचा. 'व'चं पोट रिकामं. 'ब'चं ऑपरेशन झालंय, पोटावर टाका बघ. 'ळ' म्हणजे आजोबांचा पडलेला चष्मा. 'घ'ला अख्खं छप्पर आहे, म्हणून घर. 'ध'चं छप्पर फुटलंय, म्हणून कुणीतरी धर. वैशी खदाखदा हसायची. अभ्यास करताना माझी मुलगी हसते, हे मला बघवत नव्हतं. मला वाटायचं, हा चेष्टा करतोय आमची.

एका गोष्टीसाठी मात्र मी तेव्हाही त्याला मानला. उन्हानं तापलेल्या भिंतीवर तो तिला रंगाऐवजी साध्या पाण्यानं लिहायला लावायचा. मोठा चपटा ब्रश, बादलीभर पाणी. अक्षर काढलं की काळं दिसायचं आणि बघता बघता वाळून जायचं. पेंटर म्हणायचा, "चुकलं तरी काही नाही. लाल पेन नको, पट्टी नको. ऊन पुसून टाकतंय." पट्टी म्हणताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

दीड-दोन वर्षांनी एकदा मी तिला टेम्पोत बसवून सोलापूर रस्त्यानं चाललो होतो. ती बोटानं हवेत रेघ मारून एकेक पाटी लावत होती. सावकाश, पण लावत होती. एकदम ओरडली, "आण्णा, थांबवा! छप्पर फुटलंय!" मी ब्रेक मारला. खानावळीवर नवीकोरी पाटी, कोपऱ्यात पोपट. 'धरगुती जेवण मिळेल.' मालक आठ दिवस त्या पाटीखाली जेवण वाढत होता, गिऱ्हाइकं जेवून जात होती, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या मुलीच्या आलं. मी गाडीतच तिला उचलली. आयुष्यात मी तिला शाबासकी दिली ती तेवढी एकदा.

संध्याकाळी मी गंमत म्हणून पेंटरला सांगितलं. तो हसला नाही. एकदम पडला त्याचा चेहरा. म्हणाला, "कागदावर तसंच होतं की." आणि उजाडताच जाऊन छप्पर नीट करून आला. मला तेव्हाही समजलं नाही. मी टेम्पोवाला, मला माल दिसतो, माणूस दिसत नाही.

वैशी पाचवी, सहावी, सातवी, आठवी करत नववीला गेली. पहिली-बिहिली नाही आली कधी, पण पुस्तक वाचायची. पेंटरनं शिकवलेली पद्धत तिनं सोडली नाही. वहीचं पान घेतलं की आधी पानभर रेघा मारायची, मग एकेक शब्द लटकवायचा. असं केलं की अक्षरं हलत नाहीत, म्हणायची. आठवीपर्यंत पेपर छोटे असायचे आणि घरी कुणी घड्याळ लावून बसलेलं नव्हतं, चालून गेलं.

नववीच्या वार्षिक परीक्षेनंतर मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. टेबलावर वैशीचा इतिहासाचा पेपर. पहिलं पान भरलेलं, सुंदर, छापल्यासारखं. दुसऱ्या पानावर अर्ध्यापर्यंत अक्षरं. पुढच्या चार पानांवर नुसत्या रेघा. सरळ, एकसारख्या, रिकाम्या.

"मी विचारलं हिला, हे काय आहे?" मुख्याध्यापक म्हणाले. "तर म्हणते, सर, आधी दोऱ्या मारल्या, कपडे घालायला वेळ पुरला नाही." शेजारी दोन मास्तर बसले होते, ते हसले. एक म्हणाला, "अहो, पाऊस आला असेल." आणखी हसले.

वैशी माझ्या बाजूला उभी होती. ती हळूच म्हणाली, "आण्णा, मला सगळं येत होतं. वेळ पुरला नाही."

हे वाक्य तिनं तेव्हाच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मला फक्त ते हसणं ऐकू येत होतं.

मी पेपर तसाच उचलला आणि तडक गाडीतळावर आलो. पेंटर एका औषधाच्या दुकानाची पाटी करत होता. पायाशी लाल रंगाचा डबा. माझ्यामागे वैशी पळत आली होती. चार माणसं जमली. मी पेपर त्याच्या तोंडापुढे धरला. "वाच. काय शिकवलंस ते वाच."

"चष्मा घरी राहिलाय, टेम्पोवाले."

"चष्मा कधी होता तुला? वाच!"

मी ओरडलो, "अंगठेबहाद्दर आहेस तू! स्वतःला वाचता येत नाही आणि माझ्या पोरीला शिकवत होतास?"

त्यानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. अगदी सावकाश म्हणाला, "नाही येत. मला ती अक्षरं चित्रासारखी दिसतात, तशी मी उतरवतो. शाळेत तिसरीपर्यंत मार खाल्ला, मग पळालो. म्हणून तर मला ठाऊक आहे तिला काय दिसतं ते. तिच्या मास्तरांना ठाऊक नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि तुम्ही तरी कुठं वाचता, टेम्पोवाले? तुम्ही पाट्या ओळखता. तुम्हीच वाचून दाखवा हा पेपर, मग मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

मी पेपर वर धरला. चार माणसं बघत होती, माझी मुलगी बघत होती. पहिली ओळ. ऊन होतं, घाम होता, आणि खरं सांगायचं तर अक्षरं हलत होती. मला दोन शब्दांपुढं जाता येईना. तिसरीला दोनदा का बसलो होतो, ते माझं मला त्या रस्त्यात कळलं, आणि तेच मला सहन झालं नाही. मी लाथ मारून त्याचा रंगाचा डबा उडवला.

लाल रंग रस्त्यावर पसरला. पेंटर खाली बसून हातानं तो परत डब्यात भरायला लागला. वैशी त्याला मदत करायला वाकली. मी तिचा दंड धरून ओढत घरी आणली आणि सांगितलं, पुन्हा तिकडं दिसलीस तर तंगडं मोडीन.

भागीनं माझ्या चपलेचा रंग रॉकेलनं पुसला. चप्पल दाराशी ठेवली आणि म्हणाली, "टेम्पोवरचं माझं नाव पण पुसून टाका मग. त्याच्याच हातचं आहे."

मी पुसलं नाही. पण वैशीची शाळा सुटली. ती परत नववीला बसायला तयार होईना आणि मी आग्रह केला नाही. तिनं हातात पुस्तक धरणं सोडलं. दुसऱ्या वर्षी एका कारखान्यात पॅकिंगला लागली. तिचं लग्न झालं, चार वर्षांत मोडून ती परत आली. तो विषय वेगळा आहे. घरात कागद आला की मी तिच्याकडे द्यायचो, ती भागीकडे द्यायची, भागी शेजाऱ्यांकडे घेऊन जायची. तीन माणसांच्या घरात एक कागद असा फिरायचा. वैशीला वाचता येत होतं. ती वाचत नव्हती.

पेंटरचंही संपत आलं. फ्लेक्स आले. सकाळी फोटो द्यायचा, दुपारी दुकानावर लावायचा, त्यात सिनेमासारखे रंग. पोपट एकेक करून झाकले गेले. ज्वारीच्या रानात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्यावर इंग्रजी नावं, त्यांना वरून रेघच नाही. पेंटर कुठं गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं. रस्त्यावरचा लाल डाग मात्र पुढे डांबरीकरण होईपर्यंत होता. रोज सकाळी माझं चाक त्यावरून जायचं.

त्या भांडणानंतर पाचेक वर्षांनी मी एका आयटी पार्कच्या कँटीनला भाजी टाकायला लागलो. पहिल्याच दिवशी गेटवर वॉचमननं वही पुढे सरकवली. "आपणच लिहा साहेब. तुमचं अक्षर बघू दे." आवाज ओळखीचा वाटला म्हणून मान वर केली. निळा गणवेश, टोपी, पांढरी दाढी. खिशाला जिथं बाकीचे वॉचमन पेन लावतात, तिथं ह्यानं चपटा ब्रश लावलेला. ज्या माणसानं अर्ध्या हडपसरची नावं लिहिली, त्याला आता आलेल्या-गेलेल्याचं नाव लिहायची नोकरी मिळाली होती, आणि ते त्याला येत नव्हतं.

मागं गाड्या हॉर्न देत होत्या. मला म्हणायचं होतं, पेंटर, माझं चुकलं. त्याच्यासाठी किती वेळ लागतो? पण त्यानं आधी विचारलं, "वैशी कशी आहे?"

मी म्हणालो, "कॉलेजात आहे."

का म्हणालो, ते मला अजून सांगता येत नाही. तोंडातून निघून गेलं. आणि त्या माणसाचा चेहरा असा उजळला की परत घ्यायची हिंमत झाली नाही. "कॉलेजात? आपली वैशी? आणि पेपरात दोरी मारते का अजून?"

"मारते."

तो इतका हसला की दुसरा वॉचमन वळून बघायला लागला. त्याला म्हणाला, "अरे, ही मुलगी माझ्याकडे होती." मग खिशातला ब्रश काढून माझ्या हातात दिला. "तिला द्या. म्हणावं, पेंटरनं दिलाय. पाण्यात बुडवून भिंतीवर लिहिलं तरी चालेल." मी घेतला. हॉर्न वाजतच होते. मी गाडी पुढे घेतली.

तो ब्रश मी वैशीला दिला नाही. दिला असता तर कॉलेजचं सांगावं लागलं असतं. टेम्पोच्या सीटखाली पान्यांच्या डब्यात टाकला. पुढे भाजीचं काम दुसऱ्याला गेलं, म्हणजे मीच सोडलं. रोज त्याला वैशीची प्रगती काय सांगणार होतो?

भागी त्या काळात एका सोसायटीत मॅडमकडे स्वयंपाकाला जायची. एकदा घरी आली आणि पिशवीसुद्धा खाली न ठेवता सांगायला लागली, "मॅडमच्या मुलीला आपल्या वैशीसारखंच आहे. अक्षरं हलतात तिचीपण. त्याला काहीतरी नाव आहे, डॉक्टर बघतात. हुशारीचा त्याच्याशी संबंध नसतो म्हणे. तिला मातीची अक्षरं करायला देतात, चित्रं काढून, टाळ्या वाजवून शिकवतात." मग पिशवी खाली ठेवली. "आणि अहो, परीक्षेत तिला जास्त वेळ देतात. तसा नियमच आहे म्हणे."

मग भागी म्हणाली, "लोक असला मास्तर शोधत गावभर फिरतात. आपल्या दारात उभा होता."

त्यापुढं ती त्यावर कधीच बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. रात्रंदिवस माझ्या डोक्यात ती चार पानं यायची. सरळ रेघा. रिकाम्या. वेळच द्यायचा होता फक्त. तो मास्तरांनी दिला नाही आणि मी तर त्यांच्याहून वाईट, मी तिचा बाप होतो.

मी त्या गेटवर गेलो. पेंटर नव्हता. वहीही नव्हती. नवा वॉचमन म्हणाला, "तो म्हातारा? दोन वर्षं झाली वारून." वहीच्या जागी एक यंत्र बसवलं होतं, त्याच्यापुढं इंजिनिअर लोकांची रांग. एकेक जण पुढे येऊन अंगठा लावत होता आणि दार उघडत होतं. मी उभा राहून बघितलं. ज्या शब्दानं मी त्या माणसाला रस्त्यात उभं केलं होतं, त्याच अंगठ्यावर आता तिथं सगळे आत जात होते. मला त्या दारातून आत जायचंच नव्हतं. मला बाहेरचा माणूस हवा होता.

टेम्पो भंगारात गेला तेव्हा कपाळाचा पत्रा मी मागितला होता. भंगारवाल्यानं विसरून कापला. ब्रश तेवढा ट्रंकेत आणून ठेवला. भागीला शेवटपर्यंत सांगितलं नाही. दवाखान्यात तिचा हात धरून बसलो होतो तेव्हा दोनदा तोंडाशी आलं. वाटलं, बरी होऊन घरी आली की सांगू. ती आली नाही.

तेराव्याच्या दिवशी सकाळी माझा पुतण्या संदीप फ्लेक्स घेऊन आला. चांगला मुलगा, कॉम्प्युटरमध्ये आहे. गल्लीच्या तोंडाशी लावायला म्हणून त्यानं मोबाइलवरूनच छापून घेतला होता. भागीचा फोटो, दोन्ही बाजूंना समया, खाली नाव. शिकलेले दहा-बारा पाहुणे होते, सगळ्यांनी बघितला, छान झालाय म्हणाले. वैशी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. बघितलं आणि म्हणाली, "ही आई नाही."

"का गं ताई? फोटो तर तूच दिलास."

"मागीरथी कोण?" वैशीनं नावावर बोट ठेवलं. "आईची दोरी तुटकी आहे. ही अख्खी आहे."

सगळे पुढे झाले. खरंच 'म' होता. संदीप कानकोंडा झाला. "सॉरी ताई, टायपिंगची चूक. अर्ध्या तासात दुसरा आणतो छापून."

"नको," वैशी म्हणाली आणि आत गेली.

मी ट्रंक उघडली आणि ब्रश घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ती भांड्यांपाशी बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. गेट, वही, तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, ब्रश किती वर्षं दाबून ठेवला. तिनं ब्रश हातात उलटसुलट केला. केस वाळून लाकडासारखे झाले होते.

"मी कॉलेजात आहे, असं सांगितलंत त्यांना?"

"हो."

"खरं वाटलं त्यांना?"

"हो."

"मग त्यांच्यापुरती तरी मी शिकले," ती म्हणाली.

आणि उठली. रॉकेलमध्ये ब्रश भिजत घातला, बोटांनी चोळून चोळून मोकळा केला. पुरता झाला नाही. फ्लेक्स उलटा करून अंगणात पसरला, मागची बाजू पांढरी होती. खिडकीच्या कामातला उरलेला काळा ऑइल पेंट घेतला. शिवणाचा दोरा कपड्यांच्या निळीत बुडवला आणि एक टोक माझ्याकडे केलं.

"आण्णा, धरा दोरी."

मी धरली. टण्ण झालं. तिनं ओलं फडकं घेतलं आणि सुरुवातीचा बोटभर तुकडा पुसला.

मग 'भ' सुरू झाला. वीस-पंचवीस वर्षांत तिनं हातात ब्रश धरला नव्हता. हात थांबायचा, परत चालायचा. गुरुजी ओट्यावरून म्हणाले, "आटपा आता, पानं वाढायची आहेत." कुणी म्हणालं, नुसता फोटो लावा. संदीप माझ्या कानाशी आला. "काका, हे असं दुपार होईल. ताईला सांगा ना."

मी उठून मध्ये उभा राहिलो. म्हणालो, "तिला वेळ लागतो. ज्यांना घाई आहे त्यांनी जेवून घ्या. तिला वेळ लागतो."

कुणी जेवलं नाही. सगळे बसून राहिले. दुपार झाली. चार अक्षरं झाली. भागीरथी. टेम्पोवर होतं तसंच, वरून लोंबणारं. वैशीनं ब्रश पुसला आणि उजव्या कोपऱ्याशी जाऊन उकिडवी बसली. मला कळलं ती कशासाठी बसलीय.

"काढ ना," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "पोपट शिकायचा राहिला, आण्णा. दहावी झाली की शिकवतो म्हणाले होते."

तो फ्लेक्स आता घरात भिंतीला लावलाय, उलट्या बाजूनं. कोपरा रिकामाच आहे.